मनगटं

हात पुढे कर. दोन्ही.
आधी हातमोजा, त्यावर बाही, त्यावर ही चिकटपट्टी,
तीन वेढे.
मूठ मिटून दाखव. बोटं हलतात ना?
थामोराच्या गव्हाच्या रानातून आलास,
समुद्र पहिल्यांदा बघतोयस,
आणि तोही असा.

चाळीस वर्षं मी या वाळूत शिंपले उकरले.
गालिसियाच्या या किनाऱ्यावर ओहोटी कधी लागणार
ते माझ्या गुडघ्यांना घड्याळाआधी कळतं.
आता शाळेच्या जिममध्ये स्टुलावर बसून
परक्या पोरांची मनगटं बांधते.
काल एकशे बारा.
नावं राहत नाहीत लक्षात.
नाडी राहते, बोटाखाली धडधडणारी.

घाई आहे तुला. सगळ्यांनाच असते.
बसमधून उतरले की खडकांकडे धावत सुटतात,
जणू दोन मिनिटं उशीर झाला तर समुद्र बुडेल.

ऐक, नुन्यो. दोन तास.
शिट्टी वाजली की बादली असेल तिथे ठेवायची,
अर्धी का असेना.
डोकं जड झालं, जिभेवर गोडसर चव आली
तर लगेच सांगायचं. लाज कसली त्यात?
नुसतं काळं दिसेल तिथे पाय टाकू नकोस.
खाली दगड आहे की खड्डा
ते मलाही कळेनासं झालंय,
आणि मी इथेच चालायला शिकले.
सिगारेटी या डब्यात टाक.

पक्षी दिसला तर हाक मार, हात लावू नकोस.
मंगळवारी एकीने मोजे काढले.
मोज्यातून माया कळत नाही त्याला, म्हणाली.
पाणकावळ्याने डोळ्याखाली चोच मारली.
तिचे हात मी सूर्यफुलाच्या तेलाने पुसले,
साबणाने निघत नाही हे.
काट्याने काटा, तसं तेलाने तेल.
ती रडत होती, पक्ष्यासाठी.

मला कुणी शिकवलं म्हणतोस?
पहिल्या रात्री हे पांढरे झगे नव्हते,
बस नव्हत्या, मुखवटे नव्हते.
माझा भाऊ शेन्शो होडी घेऊन गेला
उघड्या हातांनी, माझ्या स्वयंपाकघरातला झारा घेऊन.
पहाटे परतला तेव्हा हसत होता,
तेवढे दात पांढरे.
आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो
आणि समुद्र बघत असल्याचं निमित्त करतो.
मीही थांबते मग. म्हणते, हो, आज शांत आहे.

झारा घासून ठेवलाय. वापरत नाही.

संध्याकाळी इथेच यायचं, याच स्टुलाशी.
ही पट्टी मीच कापणार.
बांधली तेवढी सुटायला हवीत.
काल एक कमी भरलं.
कंदील घेऊन सगळा धक्का पालथा घातला,
बेताने हाका मारल्या,
नाव तर ठाऊक नव्हतं.

बसमध्ये सापडला, मागच्या सीटवर,
झग्यासकट गाढ झोपलेला.
उठवलं नाही मी त्याला.
एकेक हात मांडीवर घेऊन
झोपेतच सोडवले.