अस्तर

म्हापशाच्या बाजारामागे, सुक्या मासळीची ओळ संपते तिथे माझं दुकान.
ती आली तेव्हा मी पाद्रीच्या झग्याची काजं करत होतो.
पिशवीतून मखमल काढून तिने टेबलावर ठेवली,
हिरवी, बाटलीच्या काचेसारखी, कोपरांवर टक्कल पडलेली.
"दोन बोटां भितर घे."
ओर्नेला बाय. हळदोण्याला राहते, सोळा वर्षं झाली,
मांजरांना आणि पोस्टमनला ठाऊक.

मनात आलं, बाई, आता तुला चार बोटं बाहेर लागतील.
बोललो नाही. झगा उलटा केला.

शिंप्याला सुलट बाजूशी काय करायचं?
काखेत उसवल्याच्या खुणा, टाक्यांची जुनी भोकं.
एक हात घाईचा, धावदोरा घालून मोकळा झालेला,
एक म्हातारा असणार, टाका टाका मोजणारा,
आणि एकाने हिरव्याऐवजी निळा दोरा ओवला होता:
दिवा मिणमिणता, बाहेर वाद्यं लागलेली,
पडदा वर जायला दोन मिनिटं.

मानेपाशी अस्तरावर पट्टी. शाईने लिहिलेली नावं, खोडलेली.
तेरेझा. (दातांच्या डॉक्टरशी लग्न.)
लुचिल्ला. (चौतिसाव्या वर्षी आवाज गेला,
मग त्याच नाट्यगृहाच्या खिडकीत तिकिटं फाडायची.)
मारिया पिया, तिच्यावर दोन रेघा.
ती इतकी मोठी झाली की दुसरीचा कपडा
पुन्हा कधी अंगाला लागू दिला नाही.
सगळ्यांत खाली, पेन्सिलीने : ओर्नेला.

"पेन्सिल का?"
"मी बदली. मुख्य बाई आजारी पडली तर मी.
अकरा वर्षं रोज रंग लावून विंगेत बसले.
देवाने तिची तब्येत फार चांगली ठेवली होती."

तीनदा उभी राहिली म्हणे.
एकदा सर्दीच्या कृपेने, एकदा रेल्वेच्या संपामुळे,
आणि एकदा बाईचा मुलगा जिन्यावरून पडला म्हणून.
त्या मुलाला अजून वाढदिवसाचं पत्र पाठवते.

"माप कुणाचं घेऊ?"
तिने बाहेर बघून हाक मारली.
स्कूटर लावून आत आला घनश्याम तोरस्कर,
दिवसा वीज खात्यात मीटर वाचतो,
रात्री दशावतारात बाई होतो.
हिच्या ओसरीवर मीटर बघायला गेला, आतून सूर आला,
आकडा चुकला. बिल तिप्पट.
भांडायला ती ऑफिसात गेली, तिथून ही ओळख.

कंबर दोन बोटं आत. खांदे मात्र मीटरवाल्याचे, शिड्या चढलेले.
मखमलीत कापड उरलं नव्हतं,
पाद्रीच्या काळ्या कापडातली कळी घातली.
देव बघून घेईल, पाद्रीला सांगू नका.

पट्टीवर घनश्यामने आपलं नाव देवनागरीत घातलं.
वरचं खोडायला पेन उचललं, परत ठेवलं.
ते गेल्यावर पेन्सिलीच्या अक्षरांवरून
मी बारीक उलटटीप मारली. निळ्या दोऱ्याने.
पावतीत धरली नाही.

मांद्र्याच्या जत्रेत रात्री तीनला पाहिला झगा.
सात समुद्रांपलीकडची राजकन्या, समोर पेट्रोमॅक्स नाही आता, एलईडी,
मखमल अशी चमकत होती की पुढची पोरं जागी झाली.
पडद्यामागे पेटाऱ्यावर ओर्नेला बाय,
पूर्ण रंग लावून, कपाळाला कुंकू,
हातात कोमट पाण्याचा गडू.

घनश्यामची तब्येत उत्तम होती.

हात वर केला की उजवी काख ओढत होती.
कळी अर्धा इंच कमी पडली.