बारटक्के

ससाणेनगरला बेकरीच्या वर माझी खोली.
इथे मी लोकांची लग्नं कापते आणि जोडते.
सासवडच्या जगतापांचं लग्न संध्याकाळी सातपासून मशीनवर आहे,
अक्षतांपाशी येऊन पट्टी मुंगीच्या पायांनी चालतेय,
आणि खिडकीत आकडा: प्रोसेसर, बारा टक्के.

बारा!
पंखा घोंघावतोय,
डबा इतका तापलाय की वर खारी शेकून निघेल,
आणि कबूल काय करतो, तर बारा.

उद्धव बारटक्के रात्री दहाला आला, भवानी पेठेतून.
हेल्मेट न काढताच स्क्रीनवर वाकला
आणि हसला. "ताई, हे तर माझंच आडनाव."

मग उजवं बटण दाबून
त्या एका मोठ्या आलेखाचे त्यानं खण पाडले.
"मोजा."
"आठ."
"आठ नाहीत. चार आहेत."
मी पुन्हा मोजले. आठच होते.

"आमच्या अण्णांचं शिवणाचं दुकान. मशिनी चार, कारागीर चार.
पण प्रत्येकाच्या पुढ्यात कपडे दोन.
एक काज-बटणाला गेला की तो परत येईस्तोवर
दुसऱ्याची बाही जोडायची.
रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, आठ जण शिवतायत.
माणसं चारच. तुमचे कोअर.
दोरे आठ. थ्रेड म्हणजे दुसरं काय हो?
आणि दोरे आठ म्हणून कपडे दुप्पट होत नाहीत बरं का,
हात तेवढेच.
फक्त हात रिकामा राहत नाही."

"मग माझं लग्न चौघं मिळून का शिवत नाहीत?"

आता त्यानं हेल्मेट काढलं.

"एकदा ऐन लग्नसराईत नवरदेवाचा कोट आला, रात्रीत हवा.
आधी बेतायचा, मग कापायचा, मग कॉलर,
कॉलर बसल्याशिवाय अस्तराला हात नाही.
ते एकट्या अण्णांचं काम.
बाकीचे तिघे पायट्यावर पाय ठेवून बसलेले.
नवरदेवाचा मामा डोकावून म्हणाला,
'दुकान थंडच दिसतंय आज.'
तुमचा तो इफेक्ट तसलाच कोट आहे, ताई.
एकच दोरा, तो जीव तोडून पळतोय.
आठांत वाटला की बारा. वर अर्धा."

मी खणांकडे पाहिलं.
काठोकाठ भरलेला एकही नव्हता.
तिसऱ्यात उंचवटा यायचा, सरायचा,
सहाव्यात उठायचा, मग पहिल्यात.

"एका जागी बसू देत नाहीत त्याला.
ह्याच्याकडून काढून त्याच्याकडे.
म्हणून कुणाच्याच खणात तो पुरता दिसत नाही."

खालून नानकटाईचा वास वर आला.
उद्धव स्क्रीनकडेच बघत होता.

"अण्णांचं दुखणं असंच होतं.
आज मान, उद्या मनगट, परवा डोळ्यांच्या मागे.
हाडांच्या खिडकीवर म्हणाले, हाडं बरी आहेत.
डोळ्यांच्या खिडकीवर म्हणाले, वयाचं आहे.
प्रत्येक कागदावर थोडं थोडं."

मी काही बोलले नाही. काय बोलणार.
त्यानं ब्रशनं पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढली
आणि पावती फाडली:
तपासणी. बिघाड नाही. दोनशे रुपये.

तो गेल्यावर मी खिडकी मिटली नाही.
चहा केला, प्यायचा राहिला.
उंचवटा दुसऱ्यात, सातव्यात, पुन्हा दुसऱ्यात,
शोधत बसले त्याला, गर्दीत ओळखीचं डोकं शोधावं तसं.

पहाटे तीनच्या पुढे कधीतरी
आठही खण एकदम सपाट झाले.
जगतापांच्या अक्षता पडल्या.

नवरदेवाच्या कोटाची कॉलर
डाव्या बाजूला जराशी उभी होती.
मी ती मोठी करत गेले,
टाके दिसू लागेपर्यंत.