डावा पाय

उणे त्रेपन्न.
मावशी थर्मामीटरशी वाद घालत नाही.
घमेल्यात निखारे भरते आणि व्हॅनच्या पोटाखाली सरकवते,
नेमके गिअरबॉक्सखाली.
इंजिनाला रात्रभर विजेची शेगडी होती,
वर घोड्याच्या केसांची गोधडी.
गिअरबॉक्सला कोण विचारतं?
त्यातलं तेल आता तेल नाही,
गोळीबंद पाक आहे, आणि दांडी त्यात रुतलेलं उलथनं.
हातमोज्यातूनही कळतं,
आतून कोणीतरी दार धरून बसलंय.

मागे दूध. बाटल्यांत नव्हे, चकत्यांत.
ताटलीत ओतून अंगणात ठेवलं
की सकाळी भाकरीसारखं उचलायचं.
बावन्न चकत्या, दोन पोती.
आम्गाचा बाजार नऊला भरतो.

मोतुरुओना मावशी अठ्ठावीस हिवाळे ही व्हॅन चालवतेय.
या हिवाळ्यात तिचा डावा गुडघा नाही म्हणाला.
म्हणून मी, कुन्नेय,
जुलैत लायसन्स काढलेली,
धुळीच्या रस्त्यावर, डास मारत मारत.

"क्लच तळापर्यंत. मग किल्ली."
इंजिन खोकलं, खाकरलं, लागलं.
मी खुशीत पाय काढला.
गप्प.

"पण न्यूट्रलला होती!"
"असू दे की.
न्यूट्रललासुद्धा आतली चाकं
त्या चिकटातून ओढावी लागतात त्याला.
उभ्या माणसाला काय काम नसतं?"
हे ती गाडीबद्दलच बोलतेय
असं मी धरून चालले.

पुन्हा.
"आता सोड. पण सोडू नकोस."
केसभर वर. आवाज बसतोय, दाब.
केसभर वर. थांब. ऐक.
मांडी थरथरायला लागली,
फेल्टच्या बुटात घोटा कुठाय ते कळेना.
रोज सकाळी वीस मिनिटं,
गुणिले पाच महिने, गुणिले अठ्ठावीस...
हिशेब अर्ध्यावर सोडला,
कारण मावशी गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी धरून
खिडकीबाहेर बघत होती,
जिथे काच पूर्ण पांढरी होती
आणि बघण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिला पडला.
म्हणजे दोघींनी मिळून पाडला,
माझ्या हातावर तिचा हात.
टायर रात्रभर एका कुशीवर निजलेले,
तळाशी चपटे. धप्, धप्, धप्,
चौकोनी चाकांवर आम्ही निघालो,
मागे दूध दगडासारखं आपटत.

दुसरा घेईचना.
"भांडू नकोस त्याच्याशी.
न्यूट्रल. क्लच सोड. परत दाब. मग विचार."
विचारलं.
परत विचारलं.
नदी ओलांडेपर्यंत पहिल्यावरच, बैलासारखं.
मग बर्च संपतात तिथे दांडी जरा सैलावली,
रुसलेलं पोर हळूच ताटाजवळ सरकावं तशी.

बाजारात इंजिन बंद करायचं नसतं.
हँडब्रेक ओढायचा नसतं तर नसतंच,
ओढला तर एप्रिलपर्यंत राहील तसाच.
चाकाखाली ओंडका ठेवला.
सगळ्या गाड्यांच्या धुरांचं मिळून एक धुकं,
त्यातून आधी गिऱ्हाइकाचा आवाज येतो, मग टोपी,
मग चेहरा.
म्हातारा उइबान नेहमीच्या चार चकत्या घेत म्हणाला,
"चढावर दुसरा उशिरा पडला आज.
मला वाटलं, गाडी विकलीत."
"विकेन कशाला," मावशी म्हणाली,
आणि त्याला पाचवी चकती दिली. पैसे घेतले नाहीत.

परतताना तीन वाजता सूर्य होता नव्हता झाला.
तिसरा गिअर आता बोटाने लागत होता.
मावशी झोपली होती,
कॉलरच्या केसांवर तिच्याच श्वासाचं दव, कडक.

मी क्लच दाबला की
तिचा डावा पाय झोपेतच हलायचा.
टाच टेकवून, तळापर्यंत.
मग केसभर वर.
तिच्या बाजूला पेडल नाही.
रिकामं रबरी मॅट आहे फक्त,
नवंच,
कधी न झिजलेलं.