वाफ्यातली गोरखचिंच

मिरियाच्या अलीकडे, विहिरीलगत
लाराबाने दोन वाफे धरलेत.
बियांचं कवच हट्टी.
उकळतं पाणी ओतून
गोणपाटाखाली रात्रभर निवू दिल्या,
सकाळी मेथीसारख्या
दाट फोकून टाकल्या.

बाराव्या दिवशी माती तडकली.

शेजारचा इनुवा कुंपणावरून हसला :
हत्ती कुणी परड्यात पाळतं का गं?

ती खुडत राहिली.
वीतभर वाढलं की नखानेच, वरच्यावर;
खाली दोन डोळे राखायचे,
पुन्हा फुटतं.

तिचा भाऊ ईल्या
गावाबाहेरच्या थोरल्या कुकावर चढायचा,
कमरेला कोयता.
त्या दिवशी आधी पानं खाली आली,
मग कोयता,
मग तो.
वर्षभर घरात कुकाचा रस्सा शिजला नाही.

आता झाड तिच्या गुडघ्याशी उभं असतं.
पानं सावलीत, चटईवर वाळतात
(उन्हात हिरवेपणा उडतो, म्हणते, आणि चवही),
मग उखळ, चाळण, वाळल्या भोपळ्याचं भांडं.
संध्याकाळी मूठभर पूड आधणात पडली
की पळीला तार सुटते,
बाजरीच्या तुवोचा घास
न चावता, आपण होऊन उतरतो.
इनुवाही वाडगा घेऊन येतो हल्ली.
हत्तीचं नाव काढत नाही.

धाकटी विचारते,
हजार वर्षं जगतं ना गं हे झाड?

हे? रविवारच्या बाजारापर्यंत,
लाराबा म्हणते,
आणि जुडीला देठाचाच पीळ घालते.