उलटं लावायचं झाड

रिटायर झाल्या त्या दिवशी वनमाला ढोमणेंनी
कॉलेजच्या बागेतून जुन्या पेपरात गुंडाळून
एक दांडी आणून दिली मला,
टोकाला हिरव्या पात्यांची छत्री.
म्हणाल्या, पाती अर्धी कापा, देठ बोटभर ठेवा,
अन् डोकं खाली करून पाण्यात सोडून द्या.
उलटं?
उलटंच. याले मुळं डोक्यातून फुटतात.

तेरा दिवस वाटीत नुसतं पाणी बदललं.
चौदाव्या दिवशी पात्यांच्या बगलेत
पांढरा दोरा,
सुईत ओवायच्या आधी ओला करून धरल्यासारखा.

आफ्रिकेतलं म्हणे. तिकडे दलदलीत
गुडघाभर पाण्यात उभं राहतं,
इकडे मनीषनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
मोटार जळालेल्या कूलरच्या टाकीत.
टाकीला आतून डांबर मीच फासलं,
तळाशी कळमेश्वरची काळी माती, वर गोटे.
परकं तरी कसं म्हणू?
नागरमोथा याच्याच कुळातला,
आईच्या शिकेकाईच्या डब्यात
वर्षानुवर्षं वास देत बसलेला.

खरं सांगू का,
माझ्या हातून झाडं पाण्यानं मेली.
कोरफड कुजली, जेड गळालं,
तुळशीची माती कधी वाळू दिली नाही मी.
निनाद पुण्याहून फोनवर म्हणतो,
आई, जेवलास का हे दिवसातून एकदाच विचारत जा.
मला मायेची एकच रीत येते, ओतायची.
आणि साठीला टेकताना हे भेटलं,
ज्याचं पाऊल पाण्यातच हवं,
जे कधी म्हणत नाही, पुरे.

मे महिन्यात शेहेचाळीसच्या उन्हात
पात्यांची टोकं बिडीसारखी जळायची.
पहाटे पाचला नळ येतो, चाळीस मिनिटं;
त्यातल्या दोन बादल्या याच्या.
शेजारच्या उईकेबाई जिन्यातून बघायच्या,
तोंडानं काही म्हणायच्या नाहीत,
बादल्या मात्र मोजायच्या.
दुपारी मी डाळ धुतलेलं पाणीही नेऊन घालायची.
पिवळी दांडी बुडाशी कापली की
शेजारून नवी वर येते,
मिटलेली, टोकदार,
कुणाची तरी छत्री कोपऱ्यात उभी करून ठेवावी तशी.

ऑगस्टात मलेरिया विभागाचा पोरगा आला,
गळ्यात ओळखपत्र, कुंदन नंदेश्वर.
टॉर्च मारला, डावानं पाणी उचललं,
डाव माझ्या चष्म्यापुढे धरला.
वळवळत होतं.
"अळ्या आहेत, ताई. टाकी रिकामी करा."
मी टाकीपुढे उभी राहिले.
एवढी मोठी बाई, पदर खोचून,
गवताच्या एका बेटासाठी.
"काऊन, कायचं झाड आहे हे?"
सांगितलं सगळं. डोक्यातून फुटणाऱ्या मुळांचंही.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं
आणि लिहिलेलं खोडलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पाच गप्पी मासे.
"हे सोडा. अन् खायला टाकू नका बाप्पा,
पोट भरलं का अळ्या खात नाहीत ते."

जाताना त्यानं एक छत्री मागितली.
पाऊस होता. मोटरसायकलच्या हँडलला
त्यानं ती उलटी लटकवली
आणि भिजतच गेला.

आता रात्री भांडी झाली की गॅलरीत जाते.
पाऊल वाजलं की पाचही वर येतात,
बारीक तोंडं उघडी,
दांड्यांमधून इकडे तिकडे.
माझ्या हातात पोळीचा तुकडा असतो.
बराच वेळ असतो.
मग तो मीच खाते,
आणि टाकी काठोकाठ असताना
एक तांब्या पाणी ओतते तरीही.