उशिराचं हसू

टॉडमॉर्डनच्या पबात, माडीवर,
बुधवारी, तीन पौंड तिकीट.
ग्लेनिस अ‍ॅक्रॉइड डोक्याला रुमाल बांधून
मिसेस पिकप झाली: शाळेतली वाढपीण,
सदतीस वर्षं वाटाणे वाढून मनगट वाकडं,
गळ्यात अकॉर्डियन, एक पट्टी मुकी.

वाटाण्यांवर गाणं. हेडमास्तरांवर गाणं.
एक नवऱ्याच्या कवळीवर, तो गेल्यावर सापडलेल्या.
लोक टेबलं बडवतात.
मी आधी शब्द सोलतो, मग आतला अर्थ,
मग हसतो.
तोवर खोली गप्प झालेली असते.

तिसऱ्यांदा तसंच झालं
तेव्हा तिनं भाता अर्धा उघडा धरला,
माझ्याकडे बघत थांबली.
अख्खी खोली थांबली.
आणि माझं हसू आलं, एकटंच,
चपला हातात घेऊन रात्री घरात शिरणाऱ्यासारखं.
तिनं नेमकी त्यावरच सम गाठली.

पुढे प्रत्येक कडव्यात माझ्यापुरती जागा.

नंतर बारपाशी ती, रुमालाशिवाय, केस पांढरे.
म्हणाली, कवळीचा विनोद मलाही अजून कळत नाही,
आईचा आहे.
मिसेस पिकपही आईच.
मी हसलो नाही. तिनं वाट पाहिली थोडी,
मग ग्लास उचलला.
मनगट तसंच वाकलं.