बेलिफ

गॅटविकच्या हॉटेलांमधल्या चादरी
क्रॉलीत आमच्याकडे धुवायला येतात, रोज नऊशे.
डबल बेडची चादर एकटीला घडी होत नाही.
दोन टोकं माझ्याकडे, दोन एर्मिनकडे.
चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं.
सहा वर्षं आमचं बोलणं असंच,
जवळ आल्यावर तेवढं.

ती दिएगो गार्सियाची.
सात वर्षांची होती. बोटीवर एक पेटी न्यायची मुभा होती,
कुत्रा न्यायची नव्हती.
बेटावरचे सगळे कुत्रे
खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडले आणि धूर सोडला.
मी वेंगुर्ल्याची. मला त्या भट्टीचा वास ठाऊक आहे,
गोडूस, कपड्यांना चिकटणारा.
त्या दुपारी मी डबा उघडला नाही.

फेब्रुवारीत हेगहून निकाल आला.
तेरा विरुद्ध एक.
त्यांच्या हॉलमध्ये केक कापला,
तिने टिश्यूत गुंडाळून माझा तुकडा आणला,
वरचं आयसिंग निळं.
आणि पुढच्या चादरीला विचारलं,
"आता कोण येणार?"
"कोण म्हणजे?"
"न्यायला."

मी पेपर वाचला होता. तो निकाल नव्हता, मत होतं.
सरकार म्हणालं, हा सल्ला आहे, हुकूम नव्हे.
आमच्याकडे सल्ला देणाऱ्याला निदान चहा विचारतात.

माझे बाबा वेंगुर्ल्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते.
खाकी सदरा, पितळी बिल्ला, सायकल.
कायदा त्यांना येत नव्हता, पायवाटा यायच्या.
सत्तेचाळीस रुपयांच्या हुकूमनाम्यापायी
एका विधवेचं शिवणयंत्र
डोक्यावरून आणलं त्यांनी,
आणि रात्री ताटावरून उठून गेले.
पण एकदा खोताच्या दारातही उभे राहिले.
त्याने कुत्रं सोडलं अंगावर.
तरी नोटीस खळीने दाराला डकवली,
दोन पंचांच्या सह्या घेतल्या,
पोटरी धुतली ती घरी आल्यावर.
म्हणायचे, साहेब लिहितात ती नुसती शाई,
मी उंबऱ्यापाशी पोचलो की तिचा निकाल होतो.

हेगच्या महालाला घड्याळाचा मनोरा आहे म्हणे,
बाग आहे, पंधरा न्यायाधीश आहेत.
बेलिफ नाही.
आणि लंडनच्या त्या चकचकीत काळ्या दारावर
कुठली खळ धरणार आहे?

मुलगा माझा वकिलीचं शिकतो. म्हणतो, आई, हे जुनंच आहे.
एका बड्या देशाने एका छोट्याच्या बंदरांत सुरुंग पेरले,
खटल्यातून मध्येच उठून गेला,
निकाल विरुद्ध लागला तेव्हा त्याला ऐकूच आला नाही.
युद्धं हरलेल्यांवर खटले चालले.
जिंकलेल्यांचं नाव कुठल्या बोर्डावर लागलं, सांग.
हे सगळं तो पोळी मोडता मोडता सांगतो,
आणि भाजीत मीठ कमी आहे, हेही त्याच सुरात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मी तिला
माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगून पाहिलं.
ती म्हणाली, आम्ही शहाणे नव्हतोच,
आम्ही घरी होतो.

दाद शब्द पाहा कसा आहे:
मागायला जावं तर न्याय,
हाती येतात टाळ्या.
एर्मिनच्या माणसांना भरपूर मिळाली, जगभरातून.

नोव्हेंबरात सहा महिन्यांची मुदतही टळली.
त्या दिवशी ती आस्डातून नारळ घेऊन आली,
कानाशी धरून हलवला,
माझ्याही कानाशी धरला.
पाणी आटलं होतं.

"तुझे बाबा आहेत?" चादरीच्या त्या टोकाहून तिने विचारलं.
"नाहीत. चौदा वर्षं झाली."
ती जवळ आली, टोकं माझ्या मुठीत दिली.
"सायकलवरून आले असते?"
"आले असते."
"अच्छा," म्हणाली. माझ्याकडूनच उचललेला शब्द.
आणि ट्रॉलीतली पुढची चादर ओढली.